आईची कवळी आणि एका गोळीचा इतिहास

इंदूरहून बोलतेय.

आपल्या या गप्पांमध्ये एरवी राजे असतात, तह असतात, मोडी लिपीतले कागद असतात. आजचा विषय त्यामानाने फारच साधा आहे. आज आपण लाळेबद्दल बोलणार आहोत. हसू नका. नैराश्यावरच्या गोळ्यांचा शोध कसा लागला, त्या गोळ्यांनी तोंडातली लाळ कशी आटते, आणि ही गोष्ट पहिल्या दिवसापासून माहीत असूनही दातांकडे इतकी वर्षं कुणी का पाहिलं नाही, असा आजचा इतिहास आहे. तो मी शोधायला लागले ते माझ्या आईमुळे.

आमच्या रामबागेतल्या घरात मोरीच्या कट्ट्यावर एक स्टीलची वाटी असायची. रात्री आई तिच्यात आपली कवळी पाण्यात बुडवून ठेवायची. आईला पूर्ण कवळी लागली तेव्हा ती एकावन्न वर्षांची होती. आजीचे, म्हणजे तिच्या आईचे दात सत्तरीतही शाबूत होते, आजी सुपारी फोडून खायची. त्यामुळे घरात सगळ्यांनी एक निष्कर्ष काढून ठेवला होता: आईनं दातांची काळजी घेतली नाही. बाबा म्हणायचे, आत्या म्हणायची, आणि सांगायला वाईट वाटतं, पण मीही म्हणायचे. “आई, अगं किती त्या लिमलेटच्या गोळ्या खातेस! लहान मुलं तरी बरी.” तिच्या पदराच्या गाठीला, उशीखाली, देवघराच्या खणात, सगळीकडे गोळ्या सापडायच्या. लिमलेट, श्रीखंडाची गोळी, पेपरमिंट. ती काही बोलायची नाही. एकदाच म्हणाली होती, “तोंडात वाळवंट झालंय गं. काहीतरी ठेवावं लागतं.”

आई १९८४ पासून रात्री एक गोळी घ्यायची. घरात तिला ‘झोपेची गोळी’ म्हणत. ती झोपेची गोळी नव्हती. आई २००९ साली गेली. तिच्या कागदांची फाईल आवरताना जुन्या चिठ्ठ्या सापडल्या आणि त्यांवरचं नाव मी पहिल्यांदा नीट वाचलं: अ‍ॅमिट्रिप्टिलीन. नैराश्यावरचं औषध. आईला नैराश्य होतं हे मला चाळिशीत, तिच्या माघारी कळलं. आणि दातांचा त्याच्याशी काही संबंध असेल हे कळायला तर आणखी सात वर्षं जावी लागली, कारण तेव्हा तशीच एक चिठ्ठी माझ्या हातात होती. तिथे आपण शेवटी येऊ. आधी थोडं मागे जाऊ.

लाळ आपोआप गळते असं आपल्याला वाटतं. तसं नाही. लाळेच्या ग्रंथींना मेंदूकडून हुकूम यावा लागतो. १८५१ च्या सुमारास जर्मन शरीरशास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगात दाखवलं की, ग्रंथीकडे जाणारी मज्जा चेतवली की लाळ सुटते. पुढे १९२१ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात ऑटो लोवी यांनी बेडकाच्या दोन हृदयांवर एक प्रयोग केला आणि सिद्ध केलं की, मज्जा आपला निरोप एका रसायनाच्या हाती पाठवते. त्या रसायनाचं नाव अ‍ॅसिटिलकोलीन. या कामासाठी लोवी आणि इंग्लंडचे हेन्री डेल यांना १९३६ चं नोबेल मिळालं. लाळग्रंथींनाही निरोप पोचवणारा मुख्य जासूद हाच. त्याला दारातच अडवलं की ग्रंथी गप्प बसतात आणि तोंड कोरडं पडतं.

या अडवणुकीची ओळख आपल्याकडे फार जुनी आहे. शंकराला वाहतो तो धोतरा आठवा. धोतऱ्याच्या बियांत हेच करणारी द्रव्यं असतात. एकोणिसाव्या शतकात वाटसरूंना अन्नातून धोतरा घालून लुटण्याचे प्रकार इतके होत की, कलकत्त्याचे डॉक्टर नॉर्मन चेव्हर्स यांनी १८५६ साली न्यायवैद्यकावर जो ग्रंथ लिहिला त्यात या विषबाधेला बरीच जागा द्यावी लागली. लक्षणं ठरलेली: बुबुळं विस्फारलेली, माणूस बरळतोय, आणि घशाला असह्य कोरड. युरोपात हीच कामगिरी बेलाडोना नावाची वनस्पती करायची. तिच्यातून मिळणारं अ‍ॅट्रोपीन डॉक्टर मंडळी शस्त्रक्रियेआधी मुद्दाम देत, म्हणजे भूल दिलेल्या रोग्याच्या तोंडात लाळ साचू नये. एवढं ध्यानात ठेवा: लाळ कशानं आटते हे वैद्यकाला नैराश्याची गोळी यायच्या कितीतरी आधीपासून पक्कं ठाऊक होतं.

आता गोळीकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये अ‍ॅलर्जीवरच्या औषधांवर जोरात काम चाललं होतं. सर्दीची गोळी घेतल्यावर तोंड कोरडं पडतं ना, तीच ही औषधं. त्यांच्याच कुळातून १९५० च्या डिसेंबरात क्लोरप्रोमझीन तयार झालं आणि १९५२ साली पॅरिसच्या सेंट-आन रुग्णालयात ज्याँ दले आणि पिएर दनिकेर यांनी ते मनोरुग्णांना देऊन पाहिलं. जे रोगी बांधून ठेवावे लागत ते शांत झाले. साहजिकच इतर कंपन्यांनीही आपापली कपाटं उघडली. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरातली गायगी ही मुळात रंग बनवणारी कंपनी. तिच्याकडे क्लोरप्रोमझीनसारख्याच घडणीचं एक द्रव्य होतं, जी २२३५५ अशा नुसत्या नंबराचं. ते तपासायला गेलं रोलांड कून यांच्याकडे. कॉन्स्टन्स सरोवराच्या काठी म्युन्स्टरलिंगेन नावाचं गाव आहे, तिथल्या मनोरुग्णालयात ते डॉक्टर होते.

स्किझोफ्रेनियाच्या रोग्यांना या द्रव्याचा काही उपयोग झाला नाही. पण १९५६ च्या सुरुवातीला कून यांनी ते तीव्र नैराश्याच्या रोग्यांना दिलं आणि काही दिवसांत ते रोगी उठून बसले, बोलू लागले, जेवणाची चव लागते म्हणू लागले. १९५७ साली कून यांनी हे प्रसिद्ध केलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरात झुरिकच्या जागतिक मनोविकार परिषदेत निबंध वाचला. ऐकायला जेमतेम डझनभर माणसं होती म्हणतात. हेच द्रव्य इमिप्रामीन. १९५८ पासून ते टोफ्रानिल या नावानं दुकानांत आलं. म्युन्स्टरलिंगेनला झालेल्या औषधांच्या चाचण्यांवर स्विस इतिहासकारांनी पुढे सविस्तर संशोधन केलं आणि २०१९ साली ते ग्रंथरूपानं आलं. रोग्यांना न सांगता, त्यांची रीतसर संमती न घेता औषधं दिली जात, हे त्यातून उघड झालं. म्हणजे या शोधाची सुरुवातच अशी आहे की, जिच्या तोंडात गोळी जातेय तिला कोणी काही विचारत नव्हतं. ही सवय पुढेही टिकली, म्हणून हा उल्लेख केला.

इमिप्रामीनपाठोपाठ त्याची भावंडं आली. त्यातलं अ‍ॅमिट्रिप्टिलीन १९६१ साली अमेरिकेत मंजूर झालं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९७७ साली अत्यावश्यक औषधांची पहिली यादी केली, त्यातही ते होतं. स्वस्त, गुणकारी, आणि झोपही आणणारं. इंदूरसारख्या शहरात १९८४ साली आईला तेच मिळावं यात नवल नाही. या सगळ्या कुळाला ट्रायसायक्लिक म्हणतात. ही औषधं मेंदूत आपलं काम करतातच, पण वाटेत अ‍ॅसिटिलकोलीनलाही अडवतात. अ‍ॅलर्जीच्या औषधांकडून आलेला हा खानदानी गुण म्हणा. थोडक्यात, त्यांच्यात एक लहानसा धोतरा दडलेला असतो.

हे त्या काळच्या डॉक्टरांना माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पहिल्या काही वर्षांतल्या वैद्यकीय लेखांतच तोंड कोरडं पडणं, घाम, बद्धकोष्ठ, धूसर दिसणं यांची यादी येते. याहून मोठा पुरावा मला सापडला तो औषध चाचण्यांच्या इतिहासात, आणि तो वाचताना मी खुर्चीत सरळ बसले.

चाचणी करताना निम्म्या रोग्यांना खरी गोळी देतात आणि निम्म्यांना दिसायला तशीच पण पोकळ गोळी. कोणाला कोणती हे रोग्याला आणि डॉक्टरला कळू द्यायचं नाही. पण ट्रायसायक्लिकच्या बाबतीत हे गुपित टिकेना, कारण ज्याला खरी गोळी मिळे त्याचं तोंड कोरडं पडे. मग १९६० च्या दशकात काही संशोधकांनी यावर तोड काढली. पोकळ गोळीत त्यांनी अ‍ॅट्रोपीन घातलं. म्हणजे दोन्हीकडे तोंडं कोरडी, कोणाला काही ओळखू येणार नाही! युक्ती खरोखर हुशारीची आहे. पण विचार करा मंडळी. कोरडं तोंड इतकं नक्की, इतकं हुकमी होतं की त्यामुळे प्रयोग बिघडेल याची काळजी शास्त्रज्ञांना वाटली. त्या कोरड्या तोंडातल्या दातांचं पाच-दहा वर्षांनी काय होईल, हा प्रश्न त्या चाचण्यांच्या कामाचाच नव्हता. चाचणी चालायची काही आठवडे. दात किडायला लागतात वर्षं.

आणि सगळ्यांचे डोळे लागले होते मेंदूकडे. त्यात आपल्या देशाचाही हात आहे. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोघा बंगाली वैद्यांनी सर्पगंधेच्या मुळीचा वेड आणि रक्तदाब यांवर उपयोग होतो असं लिहिलं. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेवरचे आपले अनुभव मांडले आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. १९५२ मध्ये बाझललाच, सिबा कंपनीत, तिच्यातून रेझरपीन वेगळं काढलं गेलं. रक्तदाबासाठी रेझरपीन घेणाऱ्या काही रोग्यांना उदासी येते असं दिसलं, आणि रेझरपीन मेंदूतलं सेरोटोनिन कमी करतं हे १९५५ साली अमेरिकेत आढळलं. यावरून मेंदूतल्या रसायनांची कमतरता म्हणजे नैराश्य, असा तर्क उभा राहिला. हे गणित इतकं सरळ नाही हे आज मानलं जातं. पण त्या तर्काची मोहिनी मोठी होती. शास्त्राची सगळी मिरवणूक वरच्या मजल्यावर निघाली आणि खालच्या मजल्यावरच्या तोंडाला ‘किरकोळ त्रास’ या रकान्यात टाकून दिलं गेलं.

तोंडाचा वेगळा अभ्यास करणारे लोक नव्हते का? होते तर. पण त्यांचं घर वेगळं होतं. १८४० साली अमेरिकेत बाल्टिमोरला दंतवैद्यकाचं स्वतंत्र कॉलेज निघालं आणि दात हा वैद्यकापासून वेगळा धंदा झाला. आपल्याकडे डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्याला पहिलं दंत महाविद्यालय काढलं. १९४८ साली दंतवैद्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला, स्वतंत्र परिषद आली. या वेगळेपणामुळे दंतवैद्यकाची भरभराट झाली हे खरंच. मनाच्या आजारांचंही बिऱ्हाड वेगळंच होतं: १९१२ चा वेडेपणाचा कायदा, मग १९८७ चा, मग २०१७ चा. दातांचा डॉक्टर एका गल्लीत, मनाचा डॉक्टर दुसऱ्या गल्लीत, आणि दोन्ही गल्ल्यांतून फिरणारी आई एकटीच.

दातांच्या गल्लीत तोपर्यंत काय कळलं होतं, ते ऐकलं की माझी चूक तुमच्या लक्षात येईल. १९४० च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट स्टीफन यांनी दातांवरच्या चिकट थराची आम्लता मोजली. तोंडात साखर गेली की काही मिनिटांत तो थर आंबट होतो. मोजपट्टीवर ५.५ च्या आसपास खाली उतरला की दाताचं कवच विरघळायला लागतं. मग हळूहळू, अर्ध्या-पाऊण तासात तो पूर्ववत होतो. हे पूर्ववत करण्याचं काम लाळ करते. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ आपल्या तोंडात येते. ती साखर धुऊन नेते, आम्ल मारते, आणि विरघळलेल्या जागी चुन्याची भर घालते. म्हणजे ही चोवीस तासांची गवंडीण आहे. झोपेत ती मुळातच फार कमी येते.

आता आईची रात्र डोळ्यांपुढे आणा. जेवण झालं, गोळी घेतली. तासाभरात तोंड सुकलं. झोपताना तिनं गालात लिमलेटची गोळी धरली, कारण आंबटगोड काही असलं की उरलीसुरली लाळ तेवढी सुटते. पण त्या गोळीत साखरही आणि आम्लही. ती गालात विरघळत राहिली, धुवायला लाळ नाही, आणि आई झोपून गेली. असं अकरा वर्षं. तिचे दात वरून नव्हे, हिरडीलगत मुळाशी काळे पडत गेले. कोरड्या तोंडातली कीड पुष्कळदा तिथूनच लागते, हे आता दंतवैद्यकाच्या कोणत्याही पुस्तकात सापडेल. एक काढला, दोन काढले, रूट कॅनाल केलं, पुन्हा खालून किडला. १९९५ साली सगळेच काढले.

आणि कवळी आल्यावर तरी सुटका झाली का? कवळी टाळूला चिकटून राहते ती लाळेच्या पातळ थरामुळे. लाळ नसेल तर ती सुटते, घासते, हिरडी सोलते. आई सारखी म्हणायची, “बसत नाही गं नीट.” तीनदा नवी करून घेतली. आत्या म्हणाली, हिला कशातच समाधान नाही. खरं सांगायचं तर आईनं दातांची हेळसांड केली नव्हती. दोन वेळा घासायची, मिठाच्या पाण्यानं चुळा भरायची. मनाच्या डॉक्टरांनी “तोंड कोरडं पडेल, पाणी पीत जा” एवढं सांगितलं होतं, ते ती करतही होती. दातांच्या डॉक्टरांनी कधी विचारलं नाही की काही औषधं चालू आहेत का. आणि त्यांनी विचारलं असतं तरी आईनं सांगितलं नसतं. ‘वेड्याच्या डॉक्टरकडे’ जाते हे तिला रामबागेत कोणाला कळू द्यायचं नव्हतं. मलासुद्धा नाही.

आता माझी चिठ्ठी. २०१६ साली, नोकरीतल्या एका वाईट वर्षानंतर मला झोप येईना, रडू थांबेना, वर्गात उभं राहवेना. डॉक्टरांनी गोळी दिली ती नव्या पिढीची. या पिढीचा इतिहास थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या इलाय लिली कंपनीत डेव्हिड वाँग, रे फुलर आणि ब्रायन मॉलॉय यांनी सेरोटोनिनवरच नेमकं काम करणारं द्रव्य शोधलं, १९७४ मध्ये त्यावर पहिला लेख आला, आणि १९८७ च्या डिसेंबरात ते मंजूर झालं. हेच फ्लुऑक्सेटिन, प्रोझॅक या नावानं गाजलेलं. या गटातली औषधं अ‍ॅसिटिलकोलीनला जवळपास हात लावत नाहीत, त्यामुळे कोरड पुष्कळ कमी. कमी, म्हणजे शून्य नव्हे. काहींना ती पडतेच.

पण या गोळ्यांनी दुसरीच एक वाट उघडली. १९९३ साली अमेरिकेतल्या एका मनोविकारविषयक नियतकालिकात चार रोग्यांची हकिगत आली: नवी गोळी सुरू झाली आणि झोपेत दात करकरा चावायला लागले. त्यानंतर अशा नोंदी वाढत गेल्या. सगळ्यांना होत नाही, पण ज्यांना होतं त्यांचे दात झिजतात, जबडा सकाळी आखडलेला असतो. मलाही तेच झालं. डाव्या बाजूच्या एका दाढेचा टवका उडाला तेव्हा मी डेंटिस्टकडे गेले.

आणखी एक नोंद सांगते. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. ४९० रोग्यांच्या तोंडात बसवलेले ९१६ इम्प्लांट त्यांनी तपासले. या गटातली गोळी न घेणाऱ्यांचे ४.६ टक्के इम्प्लांट निकामी झाले होते, घेणाऱ्यांचे १०.६ टक्के. सेरोटोनिनचा हाडाच्या घडणीशीही संबंध असतो, हे त्यामागचं एक संभाव्य कारण. मात्र इथे इतिहासाच्या विद्यार्थिनीची सावधगिरी हवी. गोळी घेणारे त्यात फक्त ५१ जण होते, आणि एकापाठोपाठ एक घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं नसतं. नैराश्य स्वतःच दातांचं वैरी आहे. ज्या माणसाला सकाळी अंथरुणातून उठवत नाही, त्याला ब्रश कुठून सुचणार? गोड खाणं वाढतं, तंबाखू वाढते, डॉक्टरची वेळ चुकते. दातांचं नुकसान झालं तर त्यात गोळीचा वाटा किती आणि आजाराचा किती, हे वेगळं काढणं सोपं नसतं.

म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगते, आणि हा भाग अर्धवट ऐकून कोणी बंद करू नका. दातांसाठी म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. एकदम बंद केली तर त्रास होतो, आणि आजार उलटला तर तो जिवावर बेतू शकतो. त्या गोळीनं आईला पंचवीस वर्षं स्वयंपाकघरात, अंगणात, आमच्यात ठेवलं. तिच्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी बायकांना ते मिळालं नाही. दात आणि गोळी यांत निवड करायची वेळच यायला नको होती. फक्त दोन डॉक्टरांना एकमेकांबद्दल कळायला हवं होतं.

डेंटिस्टच्या खुर्चीत मी बसले होते. तरुण मुलगी होती डॉक्टर. तिनं फॉर्म पुढे केला: काही औषधं चालू आहेत का? मी पेन हातात धरून बसले. मंडळी, मी वर्गात पोरांना सांगते की कागदावर खरं लिहिलेलं असेल तरच इतिहास लिहिता येतो. आणि माझा हात ‘नाही’ या शब्दाकडे वळला होता. आईचंच रक्त. शेवटी लिहिलं. तिनं वाचलं, मान वर केली आणि म्हणाली, “बरं झालं सांगितलंत काकू.” बस, एवढंच. आवाजात काही बदल नाही.

मग तिनं मला जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते. हे कळणं डेंटिस्टसाठी सोयीचं नव्हे, गरजेचं असतं. ट्रायसायक्लिक चालू असेल तर दात बधिर करायच्या इंजेक्शनातल्या अ‍ॅड्रेनलीनबाबत जपावं लागतं. नव्या गटातली गोळी आणि काही वेदनाशामक एकत्र झाली तर रक्तस्रावाची शक्यता वाढते. दात चावण्याची खबर मिळाली तर रात्री घालायची पट्टी बनवून देता येते आणि मनाच्या डॉक्टरांना कळवून डोस किंवा औषध बदलता येतं का ते पाहता येतं. तोंड कोरडं असेल तर उपाय साधे आहेत: घोट घोट पाणी, बिनसाखरेचं च्युइंगम किंवा बिनसाखरेची गोळी, फ्लोराइडची टूथपेस्ट, रात्री घासल्यावर काही गोड नाही, आणि वर्षाऐवजी सहा किंवा चार महिन्यांनी तपासणी. लागलं तर कृत्रिम लाळही मिळते. यातलं काहीच महागडं नाही. फ्लोराइडची पेस्ट आणि पाणी तर १९८४ सालच्या इंदुरातही मिळत होतं.

मला राहून राहून तेच वाटतं. लाळेचं शास्त्र होतं, साखरेचं शास्त्र होतं, गोळीनं तोंड सुकतं याची लेखी नोंद होती. तीन वेगवेगळ्या कपाटांतले तीन कागद. ते एका टेबलावर आले असते तर आईचे निदान काही दात तरी राहिले असते. ते आले नाहीत, कारण कोणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. न सांगण्याला मी तिला दोष देत नाही. आम्ही घरातल्या माणसांनी तिला सांगता येईल असं ठेवलंच नव्हतं.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यात रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं हा त्याचा हक्क म्हणून लिहिला आहे. कायद्यानं लाज एका दिवसात जात नाही, पण सांगायला थोडा आधार मिळतो. तेव्हा एकच काम करा. तुमच्या घरात कोणी ‘झोपेची गोळी’ घेत असेल, आई, मावशी, काका, तुमचा नवरा किंवा तुम्ही स्वतः, तर चिठ्ठीवरचं नाव वाचा. गोळी कशाची आहे याची चौकशी आरोप न करता करा. आणि पुढच्या वेळी दात दाखवायला जाताना ती चिठ्ठी बरोबर न्या. घरात कोणी सारखं काहीतरी चघळत असेल तर हसण्याआधी विचारा, तोंड कोरडं पडतंय का.

मी आईला हसले होते. ती स्टीलची वाटी अजून माझ्याकडे आहे. रात्री दातांची पट्टी मी तिच्यातच काढून ठेवते.